शहर पाहावे पैलतीरावरून

परदेशी राहणाऱ्या माणसाकडे गावाकडून येणारी पहिली मागणी छायाचित्राची असते. 'तिकडचा एखादा चांगला फोटो पाठवा' असे कोणी म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातील चित्र बहुधा ठरलेले असते : पुढे पाणी, मध्ये उंच इमारतींची रांग आणि मागे मोकळे आकाश. आम्ही उभयता कॅनडात आलो त्याला आता बरीच वर्षे झाली. ही मागणी पुरविता पुरविता एक साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्या शहराचे असे चित्र हवे असते, त्या शहराच्या मध्यभागी उभे राहून ते मिळत नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहिले की दिसते ती काचेची भिंत, फिरता दरवाजा आणि घाईने आत-बाहेर करणारी माणसे. शहर दिसावयाचे असेल तर त्यातून बाहेर पडावे लागते.

हा धडा खरे तर आम्ही शाळेतच शिकलो होतो. नववीच्या सहलीत गुरुजी आम्हांला मुंबईस घेऊन गेले. दिवसभर गर्दीतून फिरून पाय दुखले, पण मुंबई कशी आहे हे कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. सायंकाळी मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यानात पोहोचलो आणि कठड्याशी रांगेने उभे राहिलो, तेव्हा चौपाटीपासून पुढे वळत गेलेली मरीन ड्राइव्हची कमान प्रथमच एका नजरेत मावली. त्या सहलीतील पुष्कळशा गोष्टी विसरलो. तो कठडा मात्र लक्षात राहिला.

इंग्रजीत जिला 'स्कायलाइन' म्हणतात, त्या शहराच्या आकाशरेषेविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांची मुले आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी कॅनडात येत आहेत आणि त्यांच्या मागोमाग त्यांना भेटावयास आईवडील येतात. त्या पालकांना कोणते शहर कोठून पाहावे हे सांगणारा लेख स्मरणिकेत असावा, असे आम्हांस वाटले. लिहू लागल्यावर मात्र असे दिसून आले की, हा प्रश्न केवळ प्रवासाच्या सोयीचा नाही.

टोरांटोपासून आरंभ करू. येथे येणाऱ्या पाहुण्याला प्रथम सीएन टॉवरवर नेण्याचा प्रघात आहे. १९७६ साली लोकांसाठी खुला झालेला हा मनोरा ५५३ मीटर उंच आहे आणि तीन दशकांहून अधिक काळ तो जगातील सर्वांत उंच स्वतंत्र बांधकाम म्हणून ओळखला जात होता. वर जाण्यास आमची हरकत नाही; सुमारे ३४६ मीटरांवरील सज्जातून सरोवराचा विस्तार खरोखरच थक्क करतो. परंतु त्या सज्जातून टोरांटोची आकाशरेषा दिसत नाही. कारण उघड आहे : ज्या मनोऱ्यामुळे ही आकाशरेषा दुरूनही ओळखू येते, त्याच मनोऱ्यात आपण उभे असतो. वरून पाहिले की शहर नकाशासारखे सपाट होते. समोरून पाहिले तरच त्याला चेहरा येतो.

तो चेहरा पाहावयाचा असेल तर टोरांटो बेटांवर जावे. ही बेटे एके काळी बेटे नव्हतीच. किनाऱ्याला चिकटलेली वाळूची एक लांब पट्टी होती. १८५८ साली वादळाने ती तोडली आणि मध्ये पाणी शिरले. आज शहराच्या धक्क्यावरून फेरीबोटीने सुमारे पंधरा मिनिटांत तेथे पोहोचता येते. बोट धक्का सोडते तेव्हा डोक्यावर इमारतीच असतात. बोट जसजशी दूर जाते तसतशा त्या एकमेकींच्या शेजारी ओळीने उभ्या राहतात. पाहणारा उत्तरेकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे दुपारी सूर्य पाठीशी राहतो आणि इमारती उजळून निघतात. बेटांवर खासगी मोटारी नाहीत; झाडे, हिरवळ, बाके आणि मोजकी घरे आहेत. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात, म्हणून वेळापत्रक पाहून निघावे.

आमच्या घरातील वडीलधाऱ्या आई टोरांटोस आल्या तेव्हा त्यांना आम्ही प्रथम तेथेच नेले. बाकावर बसून बराच वेळ त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "यात तुमचं घर कुठलं?" आम्ही पूर्वेकडे, स्कारबरोच्या दिशेला बोट दाखविले. तेथे झाडे आणि आकाश यांखेरीज काहीच नव्हते. आमचे घर म्हणजे तेव्हा एका बैठ्या घराच्या तळघरातील दोन खोल्या. आकाशरेषेत तिचा अंशही नव्हता. आईंनी दुसरा प्रश्न केला नाही. परंतु पुढे आम्हीच त्या प्रश्नाचा विचार करू लागलो. ज्या चित्राने आपण गावाकडे आपली खुशाली कळवितो, त्या चित्रात आपण कोठे असतो?

याचे एक उत्तर आमच्यापाशी आहे. रात्री बेटावरून वा किनाऱ्यावरून पाहिले तर मनोऱ्यांचे मजलेच्या मजले उजळलेले दिसतात आणि तेच दृश्य सर्वांत जास्त टिपले जाते. त्या दिव्यांपैकी कित्येकांखाली त्या वेळी झाडलोट चाललेली असते. हे आम्हांला ठाऊक आहे, कारण पहिली दोन वर्षे आमच्यापैकी एकजण अशाच एका इमारतीत रात्रपाळीला साफसफाईचे काम करीत असे. मजला पुसून झाला की दिवा मालवायचा आणि पुढच्या मजल्यावरचा लावायचा. तळघरात घर असलेल्या माणसाचाही आकाशरेषेत असा वाटा असतो; तो दुरून दिसतो, पण ओळखू येत नाही.

टोरांटोत आणखी दोन जागा आम्हांला प्रिय आहेत. एक म्हणजे ब्रॉडव्ह्यू रस्त्यालगतचे रिव्हरडेल पार्क. डॉन नदीच्या खोऱ्याच्या पूर्वेकडील उतारावर हे मैदान आहे. ट्राममधून उतरले की समोर हिरवा उतार, खाली खोरे आणि पलीकडे सगळे शहर. येथून सूर्य मनोऱ्यांच्या मागे मावळतो. उन्हाळ्यात संध्याकाळी त्या उतारावर आजूबाजूच्या वस्तीतील कुटुंबे चादरी पसरून बसलेली असतात. कोणी डबा सोडतो, कोणाचे मूल गवतावरून गडगडत खाली जाते. तिकीट नाही, दरवाजा नाही.

दुसरी जागा लेस्ली स्ट्रीट स्पिट. ही सरोवरात सुमारे पाच किलोमीटर शिरलेली जमीन माणसाने केलेली आहे आणि तीही शहराच्या राडारोड्यातून. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून टोरांटोतील पाडलेल्या इमारतींच्या विटा, काँक्रीट आणि पायाभरणीतून निघालेली माती येथे टाकण्यात आली. पुढे त्या भरावावर आपोआप झाडे उगवली, पक्ष्यांनी वसाहती केल्या, आणि आज तेथे टॉमी थॉम्पसन पार्क आहे. शनिवार-रविवारी तेथे पायी वा सायकलने जाता येते. काठावर लाटांनी गुळगुळीत केलेल्या विटा आणि गंजलेल्या सळया दिसतात, आणि मान वर केली की पाण्यापलीकडे नव्या इमारती. जुने टोरांटो पायांखाली ठेवून नवे टोरांटो पाहावे, अशी ही जागा आहे.

माँट्रियलमध्ये पाण्यापलीकडे जाण्याची गरज नाही. तेथे शहराच्या मध्यातच डोंगर आहे. माँ रॉयाल हे त्याचे नाव. १५३५ साली झाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी येथे आला तेव्हा पायथ्याच्या होशेलागा गावच्या रहिवाशांनीच त्याला या डोंगरावर नेले होते. डोंगरावरील उद्यानाची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी केली आणि ते १८७६ साली खुले झाले. पील रस्त्याच्या टोकापासून पायऱ्यांनी वर गेले की एका प्रशस्त दगडी सज्जावर आपण येतो. समोर गावातले मनोरे, त्यांच्यामागे सेंट लॉरेन्स नदी आणि हवा स्वच्छ असेल तर दूरच्या टेकड्या. सज्जाचे तोंड आग्नेयेला असल्याने दुपार कलल्यावर गेलेले बरे. मग ऊन आपल्या मागून येऊन इमारतींवर पडते. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोंगरावर जाणारी बस आहे.

या सज्जाला कोंडियारोंक यांचे नाव दिले आहे. ते ह्युरॉन-वेंडाट लोकांचे नेते होते. १७०१ साली फ्रेंच वसाहत आणि सुमारे चाळीस मूळ रहिवासी राष्ट्रे यांच्यात माँट्रियल येथे जो मोठा शांतता करार झाला, तो घडवून आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता; करारावर सह्या होण्याच्या दोनच दिवस आधी, त्याच शहरात, त्यांचे निधन झाले. गावात सम्राटांचे आणि सेनापतींचे पुतळे असतात. ज्या ठिकाणाहून सगळे गाव दिसते त्या ठिकाणाला एका तडजोड घडविणाऱ्या माणसाचे नाव असावे, हे आम्हांला उचित वाटले.

या डोंगरासाठी शहराने एक नियम केला आहे. मध्यवस्तीतील कोणतीही इमारत, समुद्रसपाटीपासून मोजली असता, डोंगराच्या माथ्याहून म्हणजे सुमारे २३३ मीटरांहून उंच जाऊ नये. सज्जावर उभे राहून मनोऱ्यांचे शेंडे पाहिले की या नियमाचा अर्थ कळतो. ते एका अदृश्य छताखाली थांबल्यासारखे दिसतात.

कॅलगरीची गोष्ट निराळी आहे. सपाट माळरानावर एकदम उगवलेल्या या शहरात क्रेसंट रोड नावाचा एक रस्ता बो नदीच्या उत्तरेकडील उंच कड्यावरून जातो. तेथे कठड्याशी उभे राहिले की खाली नदी, पलीकडे मनोरे आणि पश्चिमेला रॉकी पर्वताची बर्फाच्छादित रांग. १९६८ साली बांधलेला कॅलगरी टॉवर १९१ मीटर उंच आहे. त्या काळी तो दुरून एकटाच उठून दिसे. आज २३६ मीटरांचा 'द बो' आणि त्याहून उंच ब्रुकफील्ड प्लेस यांच्या गर्दीत तो शोधावा लागतो. दुसरी जागा म्हणजे स्कॉट्समन्स हिल. १९१२ पासून चालत आलेल्या कॅलगरी स्टॅम्पीड या घोडेस्वारीच्या मोठ्या मेळाव्याचे मैदान त्या टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि तिकिटाचे पैसे वाचवून लोक टेकडीवरून तो पाहत, असे सांगतात. जत्रेतला तंबूचा खेळ कनातीच्या फटीतून पाहिलेल्या आमच्या पिढीला ही टेकडी परकी वाटली नाही.

राजधानी ओटावात संसद पाहावयाची असेल तर नदी ओलांडून क्वेबेक प्रांतातील गातिनो येथे जावे. तेथील कॅनेडियन इतिहास संग्रहालयाच्या मागच्या अंगणातून पलीकडच्या कड्यावरील संसदेच्या इमारती आणि ९२ मीटरांचा शांतिमनोरा सलग दिसतात. संसदेच्या मुख्य इमारतीच्या जीर्णोद्धाराचे दीर्घ काम सुरू असल्यामुळे तेथे यारीही दिसतील. तेही त्या शहराच्या इतिहासातले एक पान म्हणावयाचे.

आता व्हँकूवर. सौंदर्याच्या दृष्टीने कॅनडातील हे पहिल्या क्रमांकाचे दृश्य आहे, असे आमचे मत आहे. एकीकडे समुद्राची खाडी, मागे थेट उभे राहिलेले डोंगर आणि त्यांच्यामध्ये निळसर काचेचे मनोरे. शहराच्या हद्दीतील सर्वांत उंच जागा क्वीन एलिझाबेथ पार्क. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२५ मीटर. पूर्वी येथे दगडाची खाण होती आणि तिच्यातील दगड शहराच्या सुरुवातीच्या रस्त्यांसाठी वापरला गेला. आज त्या खाणीत फुलांचे ताटवे आहेत. पाण्यावरून पाहावयाचे असेल तर सीबस नावाच्या बोटीने बारा मिनिटांत उत्तर किनाऱ्यावरील लॉन्सडेल की येथे जावे. १९७७ पासून ही बोट रोजच्या कामकरी लोकांची ने-आण करीत आहे. सार्वजनिक वाहतुकीच्याच तिकिटावर ती चालते. स्टॅनले पार्कमधील ब्रॉकटन पॉइंटही तितकेच उत्तम. मात्र १८८८ मध्ये ते उद्यान खुले झाले तेव्हा तेथे स्क्वामिश आणि इतर मूळ रहिवाशांच्या वस्त्या होत्या आणि त्या पुढे हळूहळू हटविण्यात आल्या, हे तेथील बाकावर बसणाऱ्याने जाणून असावे.

या खाडीवरून व्हँकूवर सर्वांत अधिक काळ कोणी न्याहाळले असेल, तर ते कोमागाता मारू या जहाजावरील ३७६ प्रवाशांनी. २३ मे १९१४ रोजी हे जहाज येथे नांगरून उभे राहिले. प्रवासी हिंदुस्थानचे, बहुसंख्य पंजाबातील शीख, काही मुसलमान आणि काही हिंदू. मायदेशाहून मध्ये कोठेही न थांबता थेट आलेल्यालाच प्रवेश, असा नियम कॅनडाने १९०८ पासून केलेला होता. हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नव्हती. आधीपासून कॅनडात राहणारे मोजके प्रवासी सोडले तर कोणालाही उतरू दिले नाही. ब्रिटिश साम्राज्याच्या त्या प्रजाजनांनी दोन महिने बोटीच्या कठड्यावरून साम्राज्याचेच एक शहर पाहिले. अन्नपाण्याची टंचाई झाली. २३ जुलै रोजी युद्धनौकेच्या धाकाखाली जहाज परत धाडण्यात आले. सप्टेंबरअखेर ते कोलकात्याजवळ बजबज येथे पोहोचले, तेव्हा तेथे गोळीबार होऊन अनेक प्रवासी मरण पावले.

आज कोल हार्बरच्या किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे आणि १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या घटनेबद्दल क्षमा मागितली. स्मारकाशी उभे राहून आम्ही पाण्याकडे पाहिले, तेव्हा उत्तम दृश्याचा अर्थ थोडा बदलला. जहाजावरून दिसणारे दृश्य आमच्या दृश्याइतकेच सुंदर असणार. डोंगर तेच, पाणी तेच. फरक इतकाच की आम्हांला परतीची बोट घेऊन शहरात जाता येते. वेशीबाहेरून गाव दिसणे आणि गावात पाऊल ठेवता येणे यांतील अंतर या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने समजावून देण्याची गरज नाही.

म्हणूनच ही दृश्ये टिकतात कशी, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ती आपोआप टिकत नाहीत. हॅलिफॅक्स येथे किल्ल्याच्या टेकडीवरून बंदर दिसत राहावे म्हणून १९७०च्या दशकात कायदा करून दृष्टीच्या रेषाच आखून दिल्या. त्या रेषा अडतील अशी इमारत बांधता येत नाही. माँट्रियलचा नियम वर सांगितलाच आहे. व्हँकूवरने १९८९ साली शहरातून डोंगर दिसावेत म्हणून असेच दृश्यमार्ग राखून ठेवले. या सगळ्या नियमांचा एक विशेष लक्षात घ्यावा. ते कोणाच्या सदनिकेच्या खिडकीतील दृश्य राखत नाहीत. उद्यान, रस्ता, पूल, टेकडी अशा सार्वजनिक जागेवरून दिसणारे दृश्य राखतात. खिडकी विकत घेता येते. टेकडीवरचा कठडा मात्र सर्वांचा असतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. २०२४ साली व्हँकूवरच्या नगरपरिषदेने यांतील काही दृश्यमार्ग वगळले, काही अरुंद केले. तेथे घरांची टंचाई भयंकर आहे आणि अधिक उंच इमारतींत अधिक घरे होतील, असा युक्तिवाद करण्यात आला. तळघरात वर्षे काढलेल्या आम्हांला या युक्तिवादातली निकड कळते. डोक्यावर छप्पर नसलेल्याला डोंगराचे दृश्य काय कामाचे? तरीही आमचा कौल थोडा सावध आहे. जे घर बांधले जाईल ते गरजूला मिळेलच असे नाही. परंतु गेलेले दृश्य मात्र बागेत येणाऱ्या प्रत्येकाचे जाते, आणि त्यांत गरजूही आला. मोठ्या घरातल्या माणसाला स्वतःची गच्ची असते. दोन खोल्यांत राहणाऱ्याची गच्ची म्हणजे रिव्हरडेलचा उतार. घर आणि कठडा या दोहोंचा हिशेब मांडून मगच निर्णय व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.

मुलांना भेटावयास कॅनडात येणाऱ्या पालकांना शेवटी दोन शब्द सुचवावेसे वाटतात. मनोऱ्याच्या तिकिटाने आरंभ करू नका. एखाद्या सुटीच्या दिवशी मुलाला वा मुलीला बरोबर घेऊन बस, ट्राम वा बोट धरा. थर्मासमध्ये चहा असू द्या, उन्हाळा असला तरी अंगात एखादे उबदार वस्त्र असावे, कारण पाण्यावरचा वारा झोंबतो. सूर्य मावळण्यापूर्वी तासभर आधी पोहोचा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. शहर दोनदा दिसेल, एकदा उन्हात आणि एकदा दिव्यांत. फोटो काढावयाचे ते काढून घ्या.

आणि मग मुलांना त्यांची खोली कोणत्या दिशेला आहे ते दाखवावयास सांगा. बहुधा ते चित्राच्या चौकटीबाहेर कोठेतरी बोट दाखवतील. त्या दिशेलाही नीट पाहून घ्या.